आईचा थकवा नुसता वयाचा?

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. वर्षभरात तिचं वजन पाच किलोंनी उतरलं. बदलापूर स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबते. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड यांच्या गटानं २००१मध्ये जर्जरतेच्या पाच खुणा मांडल्या : आपोआप घटलेलं वजन, थकवा, सैल पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन किंवा अधिक दिसल्या तर जर्जरता. एक-दोन असतील तर तिची पूर्वावस्था, आणि तिथून बऱ्याचदा मागे फिरता येतं.

घरी पाहा : हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला आईंना बारा सेकंद किंवा जास्त लागतात का? लागत असतील तर पायांतली ताकद कमी झालेली असू शकते. शेजारी उभे राहा मात्र. नुसता फेरफटका पुरत नाही, स्नायूंना जोर पडायला हवा; हेच उठणं-बसणं रोजचा व्यायाम होऊ शकतं. शिवाय चहा-बिस्किटं आणि उपवासाचा साबुदाणा यांवर स्नायू टिकत नाहीत (आपल्या घरांतलं खरं दुखणं हेच). प्रत्येक जेवणात डाळ, दही, चालत असेल तर अंडं हवं. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

पण पाच किलोंची घट आधी तपासा. मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग, नैराश्य, काहीही असू शकतं. फॅमिली डॉक्टरांकडे किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आईंना याच आठवड्यात घेऊन जा.