व्यायामाची मात्रा आणि रोगप्रतिकारशक्ती

पहाट फुटण्यापूर्वीच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक गावांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारे हे तरुण असतात. भारतीय सेनेच्या रणगाडा दलाचे व यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण केंद्र ज्या शहरात आहे, तेथील तरुणांना गणवेशाची ओढ वाटावी यात नवल नाही. परंतु भरतीची जाहिरात निघाल्यावर वर्षाची तयारी महिन्यात उरकण्याचा अट्टहास केला आणि ऐन चाचणीच्या दिवशी ताप भरला, तर साऱ्या श्रमांवर पाणी पडते. म्हणूनच व्यायाम किती जोराचा व किती वेळ करावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शरीरातील पहारेकरी

रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. विश्रांतीच्या वेळी त्यांतील पुष्कळशा पेशी प्लीहेत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींलगत थांबलेल्या असतात. व्यायाम सुरू होताच हृदयाची गती वाढते, अॅड्रिनॅलिन स्रवते आणि या पेशी रक्तप्रवाहात उतरतात. रोज मध्यम व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात ही गस्त नियमितपणे घातली जाते.

दीर्घकाळ व अतिशय जोराचा व्यायाम केल्यास मात्र चित्र पालटते. दीड तासाहून अधिक काळ दमछाक करणारे श्रम झाल्यावर रक्तातील लसिका पेशींची संख्या काही तास नेहमीपेक्षा कमी आढळते.

शर्यतींतील पाहणी

केपटाऊन येथे १९८२ साली ५६ किलोमीटरची शर्यत झाली. पुढील दोन आठवड्यांत धावपटूंपैकी सुमारे ३३ टक्के लोकांना सर्दी-घशाचा त्रास झाला. न धावणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. लॉस एंजेलिसच्या १९८७ च्या मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के, तर तयारी करूनही न धावलेल्यांपैकी सुमारे २ टक्के आजारी पडले.

अतिश्रमाने प्रतिकारशक्ती खचते, असा अर्थ यावरून बराच काळ लावला गेला. अलीकडे काही शास्त्रज्ञांनी त्यास हरकत घेतली आहे. रक्तातून कमी झालेल्या पेशी नष्ट होत नाहीत, तर फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्यासाठी जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. शर्यतीनंतरच्या आजारांमागे गर्दी, प्रवास, अपुरी झोप आणि तुटपुंजा आहार हीही कारणे असू शकतात. वाद मिटलेला नसला तरी सावधगिरीचा बोध दोन्ही पक्षांतून एकच निघतो.

वारीचा धडा

त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीकडे जाते. वारकरी अभंग म्हणत चालतो. चालताना गाता येणे हे श्रम सौम्य असल्याचे लक्षण होय. म्हणजे वारीत चालण्याचा जोर बेताचा असतो; वाढते ती मुदत. वारकऱ्याला जपावे लागते ते शुद्ध पाणी, पोटभर अन्न, पुरेशी झोप व पायांची निगा यांबाबत.

मात्रा कशी ठरवावी?

व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तेव्हा तो मध्यम समजावा. चार शब्दांतच धाप लागली तर तो जोराचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सुचविला आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्याने हे श्रमही हिशेबात धरावेत.

भरतीच्या उमेदवाराने धाव आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी व चाचणीच्या आदल्या आठवड्यात सराव हलका करावा. केवळ नाक वाहत असेल तर सावकाश चालण्यास हरकत नाही. परंतु ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असताना धावू नये. अशा वेळी श्रम केल्यास क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येण्याचा धोका असतो.

तालमीत जोर-बैठकांइतकाच मान खुराकाला आणि विश्रांतीला दिला जातो. धावपट्टीवर उतरणाऱ्या तरुणानेही हीच शिस्त अंगी बाणवली, तर त्याचे श्रम चाचणीच्या दिवशी खात्रीने कामी येतील.