पशुसेवेची पदविका : सक्तीच्या कामाकडून शास्त्राच्या अभ्यासाकडे

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की पालक मार्गदर्शनासाठी शाळेत येतात. आयटीआय, परिचर्या, पोलीस भरती ही नावे त्यांच्या ओळखीची असतात. पशुसंवर्धनाच्या पदविकेचा विषय निघाला की मात्र बडनेरा परिसरातील आपल्या समाजबांधवांकडून हमखास एक प्रश्न येतो, "पोराले शिकवलं ते पुन्हा ढोरायमांगं पाठवासाठी काय?" या प्रश्नाला हसून उत्तर देता येणार नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची जखम आहे. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम इतिहासाचा आणि नंतर या अभ्यासक्रमाचा विचार करू.

आपल्या पूर्वजांचा जनावरांशी संबंध गावगाड्याने ठरवून दिला होता. जिवंत गाय ज्याच्या गोठ्यात, दूध त्याचे. ती मेली की ओढून नेणे मात्र महाराचे काम. या कामाला नकार देण्याची मुभा नव्हती, ठरावीक मजुरी नव्हती आणि त्या कामावरूनच माणसाला अपवित्र ठरवले जात होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी त्या काळच्या टीकाकारांची आठवण सांगितली. मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब ते टीकाकार मांडत असत. हे उत्पन्न तुम्हीच घ्या, वर आणखी पैसेही देतो, असे बाबासाहेबांचे उत्तर होते. पैशाच्या मोबदल्यात स्वाभिमान देता येत नाही, हा त्याचा अर्थ.

तेव्हा 'या पदविकेने पैसा मिळतो' एवढेच सांगून पालकांचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. बाबासाहेबांनी नाकारले काय, हे नेमके पाहिले पाहिजे. त्यांनी जनावर नाकारले नाही, श्रमही नाकारले नाहीत. जन्मावरून लादलेले, ज्ञानापासून तोडलेले आणि अप्रतिष्ठेचा शिक्का मारणारे काम त्यांनी नाकारले. जातिव्यवस्था ही श्रमाची नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे विवेचन 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात आहे. स्वतः निवडलेला, परीक्षा देऊन मिळवलेला आणि कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला खुला असलेला व्यवसाय ही त्या व्यवस्थेची उलटी बाजू आहे.

ज्ञानापासून तोडणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण पाहू. काळपुळी हा जनावरांचा प्राणघातक रोग माणसालाही होतो. जनावर अचानक मरते आणि नाकातोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. अशा जनावराचे शव फाडले की जंतूंचा हवेशी संबंध येऊन त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक वर्षे टिकून राहतात. म्हणून असे शव उघडू नये, कातडे काढू नये, चुना टाकून खोल पुरावे, असे शास्त्र सांगते. ज्यांच्या हाती शतकानुशतके हे काम सक्तीने दिले गेले, त्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आज पदविकेचा विद्यार्थी असे शव पाहताच गावाला दूर थांबवतो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवतो. ओढणारा आणि थांबवणारा, या दोघांमधले अंतर म्हणजे शिक्षण.

आपल्या धम्मपरंपरेत पशुसेवा हलकी मानलेली नाही. मज्झिमनिकायातील महागोपालकसुत्तात भगवान बुद्धांनी चांगल्या गुराख्याचे अकरा गुण सांगितले आहेत. तो आपली गुरे ओळखतो, माश्यांनी घातलेली अंडी काढून टाकतो, जखम झाकतो, गोठ्यात धूर करतो, पाणवठा आणि चराऊ रान जाणतो, कास पूर्ण पिळून न काढता वासरासाठी दूध ठेवतो. हा उपदेश भिक्खूंसाठी दृष्टान्त म्हणून केलेला आहे. पण दृष्टान्तासाठी निवडलेला माणूस कुशल आणि दक्ष आहे, हे महत्त्वाचे. पुढे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे, औषधी वनस्पती लावल्याचे नोंदवले आहे. गिरनारच्या शिळेवर तो लेख आजही पाहता येतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्येही सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून आले आहे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. नागपूर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले. दुग्धव्यवसाय व्यवस्थापन व पशुसंवर्धनाची पदविका अनेक वर्षे ग्रामीण तरुणांना या क्षेत्राचे दार ठरली आहे. बडनेऱ्याहून त्याच लोहमार्गावर असलेल्या अकोल्यातही विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे. प्रवेशाची अर्हता त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी आणि संस्था विद्यापीठाशी संलग्न असल्याची खात्री करूनच शुल्क भरावे.

या शिक्षणाचा पहिला धडा निरीक्षणाचा. जनावर आपले दुखणे बोलून सांगत नाही. ते रवंथ करते का, नाकपुडी ओलसर आहे का, शेण कसे आहे, कळपापासून वेगळे उभे राहते का, हे पाहावे लागते. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरेनहाइट असते. ते मोजल्याशिवाय 'ताप आहे' असे म्हणायचे नाही. दुसरा धडा नोंदीचा. गाय माजावर साधारण २१ दिवसांनी येते, गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा, शेळीचा सुमारे १५० दिवसांचा. तारीख लिहिली नाही तर एक माज वाया जातो आणि भाकड काळ वाढून मालकाचे दूध बुडते. तिसरा धडा हातांचा. खोड्यात जनावर बांधणे, जखम धुणे, कासदाहाची चाचणी करणे, कृत्रिम रेतनाची कांडी ३७ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात वितळवणे, या गोष्टी पुस्तक पाठ करून येत नाहीत. नवजात वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजला पाहिजे, कारण रोगप्रतिकारशक्ती त्याला चिकातूनच मिळते. 'वार पडल्याशिवाय चीक देऊ नये' ही समजूत कित्येक वासरांच्या मुळावर येते. ती दूर करणे हेही प्रबोधनच आहे.

वऱ्हाडात या ज्ञानाची गरज रोजची आहे. ज्वारीचे कोवळे पोंगे खाल्ले की जनावराला किराळ लागते, कारण त्यात हायड्रोसायनिक आम्ल असते. कपाशीवर फवारलेल्या औषधाचा रिकामा डबा पाण्याच्या टाक्याजवळ पडला तर विषबाधा होते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील गोठे हादरले. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. म्हणून लसीकरणाइतकेच गोठ्याच्या स्वच्छतेला महत्त्व होते. गोठ्यात धूर करणाऱ्या त्या प्राचीन गुराख्याची आठवण येथे होते. भूमिहीन कुटुंबाचा आधार तर शेळीच. आपल्या भागातील बेरारी शेळी ही मान्यताप्राप्त जात आहे. मुलीच्या प्रवेशाचे शुल्क अनेकदा शेळी विकूनच भरले जाते. अशा घरातील चार शेळ्या पीपीआर रोगाने दगावल्या तर एखादे शिक्षणही थांबते. पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस वेळेवर टोचणारा माणूस म्हणूनच गावाला हवा असतो.

या पदविकेची मर्यादाही विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे. पदविकाधारकाला शासनाच्या आदेशान्वये किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या पर्यवेक्षणाखाली व निर्देशानुसार. गावात लोक 'डॉक्टर' म्हणू लागले की ही रेघ पुसट होते. मनाने प्रतिजैविके टोचणारा मनुष्य जनावराचे तर नुकसान करतोच, शिवाय दुधातून ते औषध लहान मुलाच्या पोटात जाते. 'हे माझ्या कक्षेबाहेरचे आहे, साहेबांना बोलावू', असे वेळेवर सांगणे हीसुद्धा विद्वत्ता आहे. ज्याला पशुवैद्यकच व्हायचे असेल त्याने बारावी विज्ञान करून नीट परीक्षेची तयारी करावी. त्या पदवीचा काळ आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे.

पदविकेनंतर जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन पर्यवेक्षकाच्या भरतीला बसता येते. दूध संघ, कुक्कुटपालन केंद्रे, पशुखाद्य व विमा कंपन्या यांतही काम मिळते. सरकारी जागा मोजक्या असतात आणि भरती वर्षानुवर्षे रखडते, हे पालकांपासून लपवू नये. म्हणूनच स्वतःचा छोटा शेळीपालन किंवा दुग्धव्यवसाय उभा करण्याइतके हिशेबाचे ज्ञान या शिक्षणकाळात मिळवावे. मुलींनीही मागे राहू नये. शेणपाणी, चारा, दूध ही कामे घराघरांत स्त्रियाच करतात. मग त्यांचे शास्त्र आणि त्याचा मोबदला पुरुषांकडेच का असावा? 'उमेद' अभियानातील पशुसखींनी ही वाट दाखवली आहे.

आपल्या वसतिगृहातून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी जे या क्षेत्रात असतील त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना तापमापी हातात देऊन जनावर तपासायला शिकवावे. पालकांनी आपला प्रश्न जरूर विचारावा, फक्त त्याला एक शब्द जोडावा. पोराला जनावरांकडे पाठवायचे का, एवढेच न विचारता, काय शिकवून पाठवायचे, असे विचारावे. ज्या गावात आजोबांना मेलेले जनावर ओढण्यासाठी हाक येत असे, त्याच गावात नातीला जिवंत जनावर वाचवण्यासाठी सन्मानाने बोलावणे येते आणि ती आपले शुल्क घेऊन, नोंदवहीत सही करून परतते. 'शिका' या आदेशाचा हाही एक अर्थ आहे.

जय भीम.