आमवात व स्त्रियांचें शरीरबल

घरांत सर्वांच्या आधीं उठावें व सर्वांच्या मागून निजावें, असा दक्षिण आशियांतील बहुतेक घरांत मातेचा नित्यक्रम असतो. अशा मातेच्या हातापायांचे सांधे सुजून सकाळीं तास तास आखडून राहूं लागले, म्हणजे तिला दोन परस्परविरुद्ध उपदेश ऐकावे लागतात. एक म्हणतो, "आतां हलूं नका, स्वस्थ पडून राहा." दुसरा म्हणतो, "तुम्ही दिवसभर राबतांच. निराळा व्यायाम कशास पाहिजे?" हे दोन्ही उपदेश कसे अपुरे आहेत, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

डॉक्टर ज्यास रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या रोगाचें आयुर्वेदांतील आमवाताशीं पुष्कळ साम्य आहे. शरीराची जी संरक्षकशक्ति रोगजंतूंशीं लढावयाची, तीच या रोगांत सांध्याच्या आंतील अस्तरावर उलटते. तें अस्तर सुजतें, आणि वेळीं औषधोपचार न झाल्यास कूर्चा व हाड यांचा नाश होऊं लागतो. उतारवयांत गुडघे झिजतात तो विकार वेगळा. हा ऐन संसाराच्या वयांतहि येतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटीतिपटीनें अधिक आढळतो. शिवाय दाहामुळें व हालचाल मंदावल्यामुळें स्नायूहि क्षीण होतात. आधार देणारे स्नायू दुबळे झाले कीं भार दुखऱ्या सांध्यावर पडतो. वेदनेच्या भीतीनें हालचाल आणखी घटते, आणि स्नायू आणखी दुबळे होतात. हें चक्र मोडावयाचें तर औषधाच्या जोडीला स्नायूंचें बळ वाढविलें पाहिजे.

पूर्वीं वैद्यकांत विश्रांतीवरच भर असे. व्यायामानें सांधे अधिक बिघडतील अशी भीति वाटे. पुढें या समजुतीची प्रयोगानें परीक्षा झाली. ब्रिटनमध्यें अशा ४९० रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना नेहमींचे उपचार दिले, व कांहींना त्यांच्या जोडीला हातांचे क्रमाक्रमानें वाढणारे व्यायाम शिकविले. वर्षानंतर पाहतां व्यायाम करणाऱ्यांच्या हातांची कार्यशक्ति अधिक सुधारली होती, आणि त्यापायीं वेदना वाढल्या नव्हत्या.

मग घरकाम हाच व्यायाम कां मानूं नये? कारण काम हें काम संपल्यावर थांबतें, सांधा थकल्यावर नव्हे. ओलें लुगडें पिळतांना किंवा भरलेली बादली उचलतांना त्याच त्या बोटांवर व मनगटांवर ताण पडतो. मांडीचे व खांद्याचे स्नायू मात्र तसेच दुर्बल राहतात. व्यायाम मोजून करतां येतो, सर्व अंगांस वांटून देतां येतो, व हळूहळू वाढवितां येतो.

त्यास मोठी सामग्री लागत नाहीं. उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां सावकाश उठावें व बसावें. यानें मांड्या बळावतात. भिंतीसमोर उभें राहून कोपरापुढील हात भिंतीस टेकावे व भिंत लोटावी. मनगटांवर भार न येतां खांदे दृढ होतात. अर्धा लिटर पाण्याची बाटली धरून कोपर वांकवावें. मूठ दुखत असल्यास वाळूची लहान पिशवी मनगटास बांधावी. कोमट पाण्यांत मूठ मिटावी व उघडावी, आणि नंतर मऊ कणकेचा गोळा दाबावा. प्रत्येक प्रकार प्रथम चार-पांच वेळांच करावा. दहा वेळां सहज जमूं लागला म्हणजे थोडा भार वाढवावा. आठवड्यांतून दोन-तीन दिवस, मध्यें एक दिवस सोडून, एवढें पुरे. चालणें मात्र रोज असावें.

कांहीं पथ्यें अवश्य पाळावीं. सांधा गरम व सुजलेला असेल तेव्हां भार घेऊं नये. तो अलगद हलवीत राहावें. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांनींहि न शमल्यास पुढील वेळीं प्रमाण कमी करावें. या रोगांत मानेच्या वरच्या सांध्यासहि इजा होऊं शकते, म्हणून शीर्षासन व सर्वांगासन वर्ज्य समजावें. आरंभीं डॉक्टरांचा किंवा व्यायामोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि बरें वाटतें म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

विद्यार्थी मित्रहो, या सर्वांत दुर्मिळ वस्तु कोणती म्हणाल, तर ती म्हणजे मातेस मिळणारा मोकळा अर्धा तास. पुरुषांस तालीम आहे, मैदान आहे. तिला मात्र दाराआडची जागाहि लाजत मागावी लागते. बादली तुम्हीं उचलावी, कपडे तुम्हीं पिळावे. हें मुलींइतकेंच मुलग्यांचेंहि काम आहे. आणि घरांतील वडील मंडळींनीं त्या अर्ध्या तासास आळस न म्हणतां औषधाचा एक भाग मानावें. दुखणें तिचें असलें, तरी तिला व्यायामास वेळ काढून देणें हें साऱ्या घराचें कर्तव्य आहे.