आमच्यानंतर याचे कोण?

बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलामुलींचे पालक एकत्र जमले की एक प्रश्न हमखास निघतो : ‘आम्ही आहोत तोवर ठीक, आमच्यानंतर याचे कोण?’ प्रस्तुत लेखात आपण या प्रश्नाचा विचार करू. त्याचे उत्तर आईवडील हिंडतेफिरते असतानाच तयार करावयास हवे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बौद्धिक दिव्यांगत्व हा मनोविकार नव्हे. शिकण्याची गती मंद असते, परंतु शिकणे थांबत नाही. चाळिशीतही थांबत नाही. (आमच्याही तोंडी परवापर्यंत ‘मतिमंद’ हाच शब्द होता.) आणि स्वावलंबन म्हणजे एकट्याने राहणे नव्हे. आपण तरी कुठे सारे एकट्याने करतो? बँकेची स्लिप भरून देणारा कुणीतरी लागतोच.

शिकवावयाचे कसे? चहाचेच उदाहरण घ्या. पाणी मोजणे, गॅस पेटविणे, साखर-पावडर टाकणे, दूध घालणे, गॅस बंद करणे, गाळणे असे त्याचे तुकडे पाडावेत. पुष्कळदा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात केल्यास बरे पडते. बाकीचे सर्व आईने करावे, गाळणे तेवढे मुलाने. कप आपल्या हातून भरला हे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते. ते पक्के झाले की त्याआधीचे काम द्यावे. आईने हात हळूहळू मागे घ्यावा. हे मागे घेणेच सर्वांत अवघड, आणि ते मुलापेक्षा आईला अवघड जाते.

आमच्या वस्तीतील बत्तीस वर्षांचा एक तरुण कागदी पाकिटे करण्याच्या कार्यशाळेत जातो. वडील रोज पोहोचवीत. पुढे बसचा सराव सुरू झाला : आधी वडील शेजारी, मग मागच्या बाकावर, मग फक्त थांब्यावर. तिसऱ्या आठवड्यात तो उतरायचे विसरला आणि डेपोत पोहोचला. कंडक्टरने बसवून ठेवले, चहा पाजला. पण घरी रडारड झाली आणि बस बंद झाली. आम्हीही वडिलांचीच बाजू घेतली. त्यात आमची चूक झाली, कारण पुढचे आठ महिने तो घरात बसून होता. अमेरिकेतील रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये मांडले होते की, धोका पत्करू देणे हाही माणसाचा मान राखणे आहे. आपण सारे कधी ना कधी चुकीच्या थांब्यावर उतरलो आहोत. अखेर खिशात नाव, थांबा व फोन नंबर लिहिलेले कार्ड देऊन बस पुन्हा सुरू झाली.

कायदा याबाबतीत आपल्या पुढे आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. तो पुष्कळांनी अद्याप काढलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की, दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे; अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचा आहे. कलम १४ मधील मर्यादित पालकत्व हे ठरावीक निर्णयापुरते व ठरावीक काळापुरते असते, आणि निर्णय त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून दोघांनी मिळून घ्यावयाचा असतो.

‘इच्छेस धरून’ हे शब्द वाचले आणि आम्ही ओशाळलो. त्या तरुणाच्या भवितव्याबद्दल घरात दोन बैठका झाल्या होत्या. थोरल्या भावाकडे पाठवावे असे ठरतही आले होते. तो स्वतः दोन्ही वेळा तिथेच बसला होता. त्याला कुणी विचारले नव्हते. तिसऱ्या बैठकीत विचारले. तो म्हणाला, “इथंच. माझी बस इथनं जाते.”

याच चाळीतील खोली त्याची राहावी, चुलतभावाने संध्याकाळी चक्कर टाकावी, दुपारच्या डब्याची सोय शेजारच्या मावशींकडे व्हावी, असे आता ठरत आहे. आईवडील असतानाच महिन्यातून दोन दिवस तो एकटा राहून पाहतो. चहात साखर फार घालतो. वीजबिलाचे मात्र अजून जमलेले नाही.