व्होल्ट जास्त म्हणजे ऊर्जा जास्त?

विभव आणि ऊर्जा एकच, असं बरीच मुलं धरून चालतात. नुसती व्याख्या लिहून देऊन हा गोंधळ जात नाही, आकडे समोर ठेवावे लागतात.

साधा अल्कलाइन पेन्सिल सेल घ्या. विभवांतर १.५ व्होल्ट, म्हणजे दर कूलोम प्रभारामागे १.५ ज्यूल. पण एकूण साठा सुमारे १० हजार ज्यूल! तरी तो आपण खुशाल मुठीत धरतो.

आता जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर. धारिता १०० मायक्रोफॅरड, विभवांतर ३०० व्होल्ट धरू. धारिता गुणिले विभवांतराचा वर्ग, त्याचं निम्मं: ४.५ ज्यूल. बस, एवढंच. पण झटका जबर बसतो, कारण ३०० व्होल्ट त्वचेचा रोध असूनही शरीरातून मोठा प्रवाह ढकलतात आणि साठा क्षणात रिकामा होतो.

‘निम्मं’ का, हे हुशार मूल विचारणारच. पहिला प्रभार येताना पाट्यांमध्ये विभवांतर शून्य, शेवटचा येताना ३००, सरासरी १५०. एकूण प्रभार ०.०३ कूलोम. गुणाकार करून बघा, तेच साडेचार येतात.

पालकांनो, सेल काढले तरी हा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. जुना कॅमेरा मुलांना खोलायला देऊ नका. वर्गात दाखवायचंच तर ९ व्होल्टची बॅटरी आणि १६ व्होल्टचा, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या (धन-ऋण टोकं नीट बघून). मग बॅटरी काढून १ किलोओहम रोधासह एलईडी जोडा. दिवा लागतो आणि मंद होत विझतो.