सहस्रार्जुनाने मागितलेला वर

सोनाळ्याच्या शिवारात आमचं वडिलोपार्जित वावर आहे. सातपुड्याच्या पायथ्याची कापूस-तुरीची जमीन. शेजारच्या धुरेकऱ्याने दरसाल एकेक तास करत धुरा माझ्याकडे सरकवला. आज त्याच्या दारात नवा ट्रॅक्टर आहे, अन् गावच्या पंगतीत त्याला मानाचं पान. मी मात्र दर मार्गशीर्षात गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसणारा! महाराज, हा न्याय कोणता?

लपवत नाही, दोन वर्षं मी पोथी वाचली ती त्याचं वाटोळं व्हावं म्हणून. संकल्प सोडताना तोंडाने लोककल्याण, अन् मनात त्याचं नाव. आमच्या मंडळींच्या ते ध्यानात आलं. "अहो, तुमी पारायण करून रायले का करणी?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढे माहूरला जाणं झालं. दत्तशिखर, अनसूयेचं शिखर अन् रेणुकामातेचं ठाणं आपण एकाच फेरीत करतो; पण ही तिन्ही एका गोष्टीने बांधलेली आहेत, हे मनात घेत नाही. कार्तवीर्य सहस्रार्जुनाला हजार हात दिले ते आपल्या दत्तप्रभूंनीच. त्याने सेवा केली, तिचं फळ त्याला मिळालं. मग तो माजला, जमदग्नींच्या आश्रमातली गाय ओढून नेली. परशुरामाने त्याला मारलं खरं, पण त्या वैरात जमदग्नीही गेले. माहूरची परंपरा सांगते, की परशुरामाने पित्याचे अंत्यसंस्कार तिथे केले आणि आचार्य म्हणून स्वतः दत्तात्रेय बसले. म्हणजे मारणाऱ्या घराला बळ देणारे तेच, अन् मेलेल्याच्या चितेपाशी बसणारेही तेच. मी शिखराच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिलो. न्याय झाला म्हणावं, तर जमदग्नी काही परत आले नाहीत.

हरिवंशात सहस्रार्जुनाचे चार वर दिले आहेत. हजार हात अन् पृथ्वीचं राज्य आपल्याला पाठ असतं. पण त्याने आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या: मी अधर्माने वागू लागलो तर सज्जनांनी मला आवरावं, आणि माझ्याहून श्रेष्ठाच्या हातून रणात मरण यावं. प्रभूंनी चारही दिले. शिक्षा वरातच होती, पण तिच्या आधी आवरणारे सज्जनही होते!

इथे मी अडकलो. माझ्या धुरेकऱ्याला आवरलं कोणी? गावाने नाही. मीसुद्धा नाही. दत्ताच्या दारात गाऱ्हाणं घातलं, पण धुऱ्यावर उभं राहून "भाऊ, हे तास माझे आहेत" एवढं म्हटलं नाही. अन् त्याची सगळी बरकत काही माझ्या चार तासांतून आलेली नाही. माणूस पहाटे चारला मोटारीवर असतो, हेही खरं.

परतल्यावर त्याच्या ओट्यावर गेलो. त्याने चहा मांडला, मी बोललो. तो आधी भडकला, मग गप्प झाला. शेवटी म्हणाला, "मोजणी होऊ द्या, बावा."

अर्ज भरला आहे. तारीख अजून लागायची आहे. निकाल काय येईल, सांगता येत नाही. यंदा सप्ताहाला बसलो तेव्हा संकल्पात त्याचं नाव नव्हतं. सातव्या दिवशी प्रसादाला तो आला, अन् माझ्याच शेजारी बसला.