मूत्रपिंडाची जादा धमनी : आजार नव्हे, पण माहिती हवी

आपल्या करंजाडे वसाहतीत एखाद्या घरी डायलिसिस सुरू असेल, तर कधीतरी मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा विषय निघतोच. आई, पत्नी किंवा भाऊ दाता म्हणून पुढे येतो. रक्तगट जुळतो आणि मग डॉक्टर दात्याची सीटी अँजिओग्राफी करायला सांगतात. धडधाकट माणसाला एवढी महाग तपासणी कशाला, असा प्रश्न घरच्यांना पडतो. त्याचे उत्तर आज समजून घेऊ.

शाळेच्या पुस्तकातील चित्रात प्रत्येक मूत्रपिंडाला एक धमनी आणि एक शीर असते. प्रत्यक्षात साधारण चारपैकी एका माणसात एखादी जादा धमनी आढळते. गर्भात मूत्रपिंडे आधी ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर कमरेपर्यंत सरकतात. सरकताना खालच्या रक्तवाहिन्या नाहीशा होतात, वर नव्या तयार होतात. एखादी जुनी टिकून राहिली, की ती जादा धमनी ठरते. हा आजार नाही. आईने ग्रहण पाळले की नाही, याच्याशीही त्याचा काही संबंध नाही.

मग अडचण कुठे येते? मूत्रपिंडातील प्रत्येक धमनीचा भाग ठरलेला असतो. ती तुटली तर शेजारची धमनी तो भाग सांभाळू शकत नाही आणि तेवढा भाग निकामी होतो. खालच्या टोकाला जाणारी धमनी बहुधा मूत्रवाहिनीलाही रक्त पुरवते. ती गमावली, तर प्रत्यारोपणानंतर लघवी झिरपण्याचा धोका असतो. शिरांचेही तसेच. डावी शीर सहसा महाधमनीच्या पुढून जाते, काहींची मागून जाते. हे आधी माहीत नसेल, तर शस्त्रक्रियेत मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

डावी शीर लांब असल्याने जोडायला सोपी जाते, म्हणून शक्यतो डावे मूत्रपिंड घेतात. मात्र दोन्ही मूत्रपिंडांच्या कामात फरक असेल, तर जास्त चांगले दात्याकडेच ठेवले जाते. जादा धमनी असली म्हणजे दान करता येत नाही, असेही नाही. अनुभवी शल्यचिकित्सक दोन धमन्याही जोडतात.

तपासणीपूर्वी दात्याला कसली अ‍ॅलर्जी असेल तर जरूर सांगावे, कारण शिरेतून रंगद्रव्य देतात. अहवाल आल्यावर तीन प्रश्न विचारावेत : धमन्या किती आहेत? कोणते मूत्रपिंड घेणार? तेच का? दाता बहुतेक वेळा आपल्याच घरातील भगिनी असते. हे प्रश्न विचारणे हा तिचा हक्क आहे. उत्तर समजल्यावरच तिने संमतीपत्रावर सही करावी.